एअर पिस्तुलाची मूठ: आधी आकार, मग खरखर

जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. नेमबाजीच्या रेंजवर कूलर लावला तर हवा दमट होते आणि तळव्याचा घाम वाळत नाही. कूलर बंद ठेवला तर घाम नुसता वाहतो. मग वीस-पंचवीस शॉट झाले की लाकडी मूठ तळव्यात कणभर फिरते. कणभर म्हणजे किती, त्याचा हिशोब सोपा आहे. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणांमधलं, म्हणजे फ्रंट आणि रिअर साइटमधलं, अंतर ३३० मिमी धरलं आणि फ्रंट साइट ०.१ मिमी बाजूला गेली, तर १० मीटरवर पेलेट (एअर पिस्तुलाची छोटी गोळी) ३ मिमी सरकतं. १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिमी आहे. शिवाय सामना ६० शॉटचा, ७५ मिनिटांचा.

अशा वेळी पहिला विचार येतो तो मूठ खरखरीत करायचा. तो विचार योग्य आहे, पण त्याची पाळी शेवटी येते. मूठ हाताला बसतच नसेल तर खरखर तिला चुकीच्या जागी घट्ट धरून ठेवते. गुळगुळीत मुठीत हात निदान सरकून आपली जागा शोधतो. खरखरीत मुठीत पहिल्या शॉटला जिथे पकडला तिथेच अडकतो, आणि दर वेळी वेगळ्या जागी अडकतो. म्हणून इथे क्रम असा धरला आहे: हात कुठे टेकतो ते पाहणं, आकार दुरुस्त करणं, मग नेमक्या तीन जागी खरखर आणि शेवटी तेल.

हे सगळं ४.५ मिमीच्या, १० मीटर स्पर्धेच्या एअर पिस्तुलासाठी लिहिलं आहे. त्याची मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची किंवा थरांच्या लॅमिनेटेड लाकडाची असते आणि एका बोल्टने निघते. घरात परवान्याचं रिव्हॉल्व्हर असेल तर त्याला यातलं काहीही लावू नका. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती आणि फेरफार यांच्या व्यवसायाला वेगळा परवाना लागतो, म्हणून ते काम परवानाधारक कारागिराकडेच न्यावं. ज्या भागावर क्रमांक कोरलेला आहे त्याला कानस लावण्याचा तर विचारही नको.

मूठ काढताना

पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून नळीत पेलेट नाही याची खात्री करा, मग हवेचा सिलेंडर फिरवून काढा. भरलेल्या सिलेंडरमध्ये २०० बारपर्यंत दाब असतो. तो कामाच्या टेबलावर नको आणि उन्हातही नको. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, सावलीत, कापडावर आडवा ठेवा.

मूठ सोडवण्याआधी तिची सध्याची जागा नोंदवून ठेवा. मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा आणि मूठ जिथे धातूला टेकते तिथे बारीक पेन्सिलीची रेघ मारा. तळव्याला आधार देणारी खालची फळी, म्हणजे हील रेस्ट, सरकती असते. तिचं अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजून कागदावर लिहा. हे न करता मूठ काढली तर नंतर ‘आधी कसं होतं’ हे आठवण्यात आठवडा जातो.

मूठ पिस्तुलावर असताना ठोकाठोक किंवा घासाघास करू नका. लाकडाचा भुसा ट्रिगरच्या यंत्रणेत गेला की ट्रिगरचा दाब बदलतो, आणि एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅमचा नियम आहे. हातोडीचे धक्के इलेक्ट्रॉनिक ट्रिगरलाही मानवत नाहीत. सुटी मूठ आणि सुटं पिस्तूल, दोन्ही वेगळ्या ठिकाणी ठेवा.

हात कुठे टेकतो

इथे घाई करू नका. वीस मिनिटं सराव करून, हात सामन्यात असतो तसा गरम झाल्यावर तपासणी करा. धुळ्याच्या जानेवारीच्या पहाटे आक्रसलेला तळवा आणि मे महिन्याच्या दुपारी फुगलेला तळवा यांत फरक असतो. थंडीत अगदी चपखल बसवलेली मूठ उन्हाळ्यात आवळते.

शाळेतला पांढरा खडू कुटून त्याची पूड मुठीवर पातळ भुरभुरा. मूठ पुन्हा पिस्तुलावर चढवून नेहमीसारखी पकडा, नेम धरून दहा सेकंद थांबा आणि बोटं सरळ उघडून हात काढा. बोटं घसरवून काढली तर ठसा पुसतो. जिथली पूड हाताला लागली तिथे हात टेकतो. जिथे पूड जशीच्या तशी आहे तिथे पोकळी आहे. असं तीनदा करा आणि तिन्ही वेळा फोटो घ्या. तिन्ही ठसे एकसारखे आले तर आकार ठीक आहे, सरळ खरखरीच्या कामाकडे वळा. दर वेळी वेगळे आले तर मूठ सैल आहे.

दुसरी तपासणी डोळे मिटून करायची. रिकामं पिस्तूल डोळे मिटून उचला, नेमाच्या उंचीवर आणा, मग डोळे उघडा. दहापैकी आठ वेळा फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत मधोमध दिसली पाहिजे. सारखी डावीकडे किंवा उजवीकडे दिसत असेल तर मनगटाने ओढून ती सरळ करू नका. मूठ उभ्या अक्षात किंचित वळवण्याची सोय बहुतेक स्पर्धेच्या पिस्तुलांत असते, आधी ती वापरा. सोय नसेल तर भर घालावी लागते.

भर आणि छाटणी

छाटणी आधी करायची. उजव्या हाताच्या नेमबाजासाठी मुठीच्या उजव्या बाजूला, ट्रिगरचं बोट जिथून जातं तिथे, बोट आणि लाकूड यांत दीड-दोन मिलिमीटरची फट हवी. बोट लाकडाला घासत असेल तर ट्रिगर दाबताना ते पिस्तुलाला डावीकडे ढकलतं. ही जागा अर्धगोल कानशीने हलकेच उतरवा, मग १२० आणि २४० नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. या जागेला खरखर कधीच द्यायची नाही.

भर घालायला दोन घटक मळून एकत्र करायची इपॉक्सी पुटी वापरा, हार्डवेअरच्या दुकानात एम-सील मागितलं की मिळते ती. जळगावच्या फुले मार्केटच्या आसपास किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर पायी फिरलात तरी या कामाचं बहुतेक सामान गोळा होतं. फर्निचरच्या भेगा भरायची पाण्यातली लाकडी पुटी स्वस्त असते, पण ती वाळताना आकसते आणि घामाने भुसभुशीत होऊन सुटते, म्हणून ती टाळा.

भर धरावी म्हणून त्या जागेचं पॉलिश ६० नंबरच्या पेपरने पूर्ण उडवा. मग २ मिमीच्या ड्रिलने अडीच-तीन मिमी खोल पाच-सहा भोकं तिरकी पाडा. पुटी त्यांत शिरून खिळ्यासारखी बसते. बोल्टचं भोक किती अंतरावर आहे ते आधी बघा. हातात नायट्राइलचे मोजे घाला, कारण इपॉक्सीच्या हार्डनरने त्वचेला खाज सुटते आणि एकदा त्रास सुरू झाला की पुढे थोड्या संपर्कानेही होतो.

दोन्ही घटक सारखे घेऊन एकच रंग दिसेपर्यंत मळा. रेघा दिसत असतील तर मळणं अर्धवट आहे, आणि तेवढा भाग कायम मऊ राहतो. इथे खानदेशी उन्हाळ्याचा हिशोब ठेवावाच लागतो. ढोबळ मानाने तापमान दर १० अंशांनी वाढलं की इपॉक्सी घट्ट व्हायचा वेळ निम्म्यावर येतो. पाकिटावरचा वेळ खोलीच्या साधारण तापमानाचा असतो. मे महिन्यात दुपारी चाळिशीच्या पलीकडच्या खोलीत मळायला बसलात तर गोळा हातातच कडक होईल. काम सकाळी सहा-सातला करा आणि एका वेळी सुपारीएवढाच गोळा मळा.

एका थरात ३ मिमीपेक्षा जास्त भर नको. गोळा जागेवर दाबा, त्यावर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म पसरा आणि नेहमीसारखी मूठ पकडा. आवळायची नाही, सामन्यात जेवढी पकडता तेवढीच. दोन-तीन मिनिटांनी हात काढा. बाजूला आलेला मसाला ओल्या बोटाने आत वळवा आणि २४ तास हात लावू नका. दुसऱ्या दिवशी फिल्म सोलून कानस लावा.

तळव्याच्या मधल्या खळग्यात भर घालताना हात आवरता ठेवा. तिथे लाकूड फक्त टेकलं पाहिजे, दाबलं नाही पाहिजे. खळगा ठासून भरला की नाडीचा ठोका मुठीत उतरतो आणि फ्रंट साइट त्या तालावर हलायला लागते. पुन्हा खडूचा ठसा घेऊन बघा: कडेला गडद आणि मधे विरळ ठसा यायला हवा.

भर घालताना स्पर्धेचे नियम मोडण्याची शक्यता असते, म्हणून ते आत्ताच सांगणं बरं. पिस्तूल सगळ्या जोडण्यांसह ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे, आणि वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं. मनगट मोकळं दिसलं पाहिजे, मुठीचा कोणताही भाग हाताच्या पलीकडे टेकता कामा नये. हील रेस्ट मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करू शकत नाही, आणि तिची किंवा अंगठ्याच्या आधाराची कड वर वळलेली चालत नाही. अंगठा वर मोकळा उचलता आला पाहिजे. हाताभोवती वेढा घालणारी मूठ बाद ठरते. ५० मिमी रुंदीची मर्यादा सगळ्यात फसवी. अंगठ्याच्या बाजूला भर आणि पलीकडे हील रेस्ट रुंद, असं केलं की ती नकळत ओलांडली जाते. जाड पुठ्ठ्याची त्या मापाची पेटी घरीच करा आणि प्रत्येक थरानंतर पिस्तूल त्यात घालून बघा.

खरखर कुठे हवी, कुठे नको

बाजारातल्या अनेक मुठी सगळीकडून सारख्या टोचलेल्या असतात. दिसायला छान, पण कामाला तेवढी गरज नाही. पकडीचा जोर पिस्तुलाच्या नळीच्या रेषेत, पुढून मागे असतो. मधलं बोट आणि अनामिका मुठीला मागे ओढतात, तळव्याची टाच तिला थोपवते. म्हणून खरखर तीन जागी पुरते: मुठीच्या पुढच्या अंगाला मधल्या बोटाखाली, त्याच अंगाला अनामिकेखाली, आणि मागच्या अंगाच्या खालच्या अर्ध्यात, जिथे तळव्याची टाच बसते.

करंगळीखाली नको. तिथे पकड मिळाली की करंगळी जोर लावते आणि नळीचं तोंड खाली झुकतं. अंगठ्याच्या आधारावर नको, कारण अंगठा नुसता विसावला पाहिजे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्याखाली तर अजिबात नको. तिथली त्वचा पातळ असते आणि प्रत्येक वेळी पिस्तूल वर चढवून बसवताना तीच घासली जाते. दोन दिवसांत फोड येतो.

जागा पक्क्या करायला आधी घसरू नये म्हणून पायऱ्यांना चिकटवतात ती अँटी-स्लिप टेप वापरा. पॉलिशच्या पृष्ठभागावर स्पिरिट फिरवा, टेपचे तुकडे कोपरे गोल करून कापा (टोकदार कोपरा घामाने आधी सुटतो) आणि चिकटवा. आठवडाभर सराव करा. टेप हाताला टोचते, कायमची म्हणून ती बरी नाही, पण कुठे खरखर लागते आणि कुठे नुसती अडचण होते हे ती नेमकं सांगते. तुकडे हलवता येतात, लाकडात पाडलेले खळगे हलवता येत नाहीत.

लाकडावर पंचाची खरखर

सगळ्यात टिकाऊ आणि घरात जमणारी पद्धत हीच. लागतं काय: एक सेंटर पंच (ठोकून खूण उमटवायची टोकदार पोलादी कांडी), १०० ते १५० ग्रॅमची हलकी हातोडी, धारदार बारीक सुरी किंवा कटर, मास्किंग टेप, टूथब्रश, आणि वाळूने तीन चतुर्थांश भरलेली जाड कापडी पिशवी. मूठ व्हाइसमध्ये आवळायची नाही. तिचा आकार वेडावाकडा असतो, दाब एका ठिकाणी येतो आणि लाकूड उकलतं. वाळूच्या पिशवीत ती खोल रुतवा. पिशवी धक्का गिळते, मूठ उडत नाही. कोरडी ज्वारी भरली तरी चालते.

नवा पंच फार टोकदार असतो. तसाच वापरला तर लाकडाचे तंतू कापले जातात आणि खळग्याची कड उचकटते. टोक तेलदगडावर किंवा ४०० नंबरच्या पेपरवर फिरवून अर्धा मिमीइतकं गोलसर करा. लाकूड कापलं न जाता दबलं पाहिजे. खळग्याच्या भोवती लाकडाची बारीक कडा वर येते, बोटाला तीच लागते.

पॉलिश आधी उतरवायचं. लॅकरवर पंच मारला की ते काचेसारखं तडकतं आणि पुढे महिनाभर कपच्या निघत राहतात. १८० नंबरच्या पेपरने फक्त टेपने आखलेल्या चौकटीच्या आतलं पॉलिश काढा. मग चौकटीच्या रेषेवर सुरीने अर्धा मिमी खोल चीर द्या. ही चीर म्हणजे बांध आहे. खळगा फुटून तंतू सुटले तरी चीर ओलांडून ते पुढे जात नाहीत. मुठीच्या कडेपासून चौकट ३ मिमी आत ठेवा, नाहीतर कडेची कपची उडेल.

त्याच जातीच्या लाकडाच्या तुकड्यावर आधी पन्नास-साठ ठोके मारून हात बसवा. अक्रोड मिळाला नाही तर सुताराकडून सागवानाचा तुकडा घ्या. शिसव त्या मानाने कठीण, त्यावर जोराचा अंदाज चुकतो. खळग्याची खोली ०.३ ते ०.५ मिमी आणि दोन खळग्यांमधलं अंतर सव्वा मिमीच्या आसपास हवं. २५ × ४० मिमीच्या एका चौकटीत या अंतराने सहाशे-सातशे खळगे बसतात. म्हणजे तासाभराचं काम, तेही एका बैठकीत संपवण्याचा हट्ट नको. मनगट दमलं की ठोके खोल-उथळ होतात आणि ते नंतर बोटाला कळतं.

ओळीत मारू नका. ओळ आखून मारलेल्या खळग्यांत एक चुकला की डोळ्यात भरतो, आणि लाकडाच्या रेषेत ओळ आली तर त्या रेषेवर चीर जाते. पहिल्या फेरीत दोन-अडीच मिमी अंतराने विखुरलेले खळगे मारा, टूथब्रशने भुसा झाडा, मग दुसऱ्या फेरीत मधल्या रिकाम्या जागा भरा. पंच पृष्ठभागाला काटकोनात धरा. मूठ गोलाईची असल्यामुळे दर काही ठोक्यांनी पिशवीतली मूठ फिरवावी लागते. पंच तिरका करून भागवायचं नाही, कारण तिरक्या पंचाने खळग्याची एक बाजू करवतीसारखी होते आणि बोट सोलते.

जिथे लाकडाचे तंतू आडवे कापले गेले आहेत, म्हणजे मुठीच्या तळाच्या टोकाला, तिथे खळगे नीट उमटत नाहीत, चिरडतात. पुटी भरलेल्या जागेवर तर पंच मारूच नका. इपॉक्सी दबत नाही, टवका उडतो. तिथे रोटरी टूल, म्हणजे बारीक टोक वेगाने फिरवणारं हातातलं छोटं यंत्र हवं.

काम झालं की तळवा फिरवून बघा. मांजराची जीभ हाताला लागते तेवढी खरखर पुरे. त्यापेक्षा जास्त वाटली तर ३२० नंबरचा पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून दोन-तीन हलके हात मारा, वरची टोकं जातील आणि खळगे राहतील.

रोटरी टूलने काम लवकर होतं पण चूकही लवकर होते. दीड मिमीचा गोल बर, म्हणजे कोरायचं टोक लावा, वेग मिनिटाला दहा ते पंधरा हजार फेऱ्या, आणि हात टेबलावर टेकलेला असू द्या. बर लाकडावर सरकवत नेला की तो पळतो आणि ओरखडा पाडतो. टेकवा, उचला, पुढे जा. लॅमिनेटेड मुठीत दोन थरांमधला डिंक लाकडापेक्षा कठीण असतो, बर तिथे उडी मारतो. अक्रोडाचा बारीक धुरळा नाका-डोळ्यांना झोंबतो. एन-९५ मास्क आणि चष्मा लावा, आणि पंखा बंद ठेवून उघड्या ओसरीत काम करा.

प्लॅस्टिकची मूठ असेल तर

सरावाच्या स्वस्त एअर पिस्तुलांच्या मुठी प्लॅस्टिकच्या असतात. त्यांवर २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने टिपके देता येतात, पण भिंत ३ मिमीपेक्षा जाड असेल तरच. आतून पोकळ, पातळ मुठीत टोक आरपार जातं. मूठ काढून आतून बोट फिरवा, जाडी कळते. टोक अर्धा सेकंद टेकवून लगेच उचलायचं. जास्त वेळ ठेवलं तर तार ओढली जाते आणि थंड झाल्यावर तिचा काटा होतो. धूर अंगावर घेऊ नका, गच्चीवर वाऱ्याकडे पाठ करून बसा. रबराचं आवरण असलेल्या मुठीवर हे करायचं नाही, रबर जळून चिकट होतं. त्यावर कपडे धुण्याच्या साबणाने घासून मेणचट थर काढला तरी निम्मी पकड परत येते.

तेल

उघडं पडलेलं लाकूड घाम पितं, काळं पडतं आणि खळग्यांच्या कडा मऊ होतात. त्याला रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल द्या. घाण्यावरचं खायचं जवस तेल वाळायला कितीतरी दिवस घेतं, आणि शेंगदाण्याचं तेल तर कधीच वाळत नाही, मूठ चिकट होऊन बसते. पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन निम्मंनिम्मं करून, टूथब्रशने खळग्यांत घासत द्या. वीस मिनिटांनी सुती फडक्याने वरचं सगळं तेल पुसा. खळग्यात तेल साचू दिलं तर ते तिथेच डिंकासारखं जमतं आणि केलेली सगळी मेहनत बुजते. चोवीस तासांनी दुसरा हात, पुन्हा चोवीस तासांनी तिसरा. पावसाळ्यात दोन दिवसांचं अंतर ठेवा. तिसऱ्या हातानंतर मूठ आठवडाभर सावलीत राहू द्या.

व्हार्निश, पीयू, मेलामाइन यांपैकी काही नको. ती खळगे भरून टाकतात. चपड्याचं पॉलिश तर घामाच्या हातात पांढरं पडतं.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, चुरगळलेल्या फडक्यात ती अडकते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. खानदेशच्या उन्हाळ्यात बंद खोलीत हा धोका आणखी वाढतो. फडकी पाण्यात भिजवून, दोरीवर मोकळी पसरून वाळवा आणि मगच टाका.

काय बिघडतं

कपची उडाली तर ती शोधून ठेवा. फेविक्विकचा एक थेंब सुईने सोडून ती जागच्या जागी बसवता येते. हरवली तर त्याच लाकडाचा बारीक भुसा फेविक्विकमध्ये भरून कानस मारा. बोटांची साल निघत असेल तर खरखर कमी करायची, हात ‘सरावेल’ म्हणून थांबायचं नाही. दुखरं बोट पकड बदलतं आणि ती चूक सवयीची होते. मूठ हाताला इतकी चिकटायला लागली की पहिल्या पकडीनंतर ती सावरून घेता येत नाही, तर मागच्या अंगाची खरखर निम्मी करा. पुढची राहू द्या. आणि फ्रंट साइट आता सारखी एकाच बाजूला दिसायला लागली, तर दोष पंचाचा नाही. खरखरीने हात नेमका बसायला लागला आणि आधी झाकलेली आकाराची चूक उघडी पडली. पुन्हा खडूच्या ठशाकडे जा.

बदल केल्यावर लगेच गुण मोजू नका. पहिले दोन दिवस ड्राय फायर, म्हणजे पेलेट न घालता ट्रिगर दाबायचा सराव, पिस्तुलातल्या ड्राय फायरच्या सोयीवरच. मग पांढऱ्या कोऱ्या कागदावर, वर्तुळांशिवाय, दहा-दहा शॉटचे तीन गट मारा. दोन गटांच्या मधे पिस्तूल टेबलावर ठेवून हात पूर्ण सोडा आणि पुन्हा पकडा. तीन गट एकमेकांवर पडले तर मूठ दर वेळी तिथेच बसते आहे. गट छोटे आहेत पण वेगवेगळ्या जागी आहेत, तर पकड फिरते आहे, आकाराचं काम राहिलं आहे.

सरावानंतर कोरड्या टूथब्रशने खळगे झाडा. घाम आणि त्वचेचा मळ खळग्यात बसला की महिन्याभरात मूठ पुन्हा गुळगुळीत होते. महिन्यातून एकदा स्पिरिट लावलेल्या ब्रशने घासा आणि तेलाचा एक पातळ हात द्या. जुलैमध्ये लाकूड फुगतं, डिसेंबरपासून आकसायला लागतं आणि मार्चपर्यंत मुठीचा बोल्ट सैल झालेला असतो. ऋतू बदलला की ऍलन की घेऊन तो बघा. हाताला घट्ट लागला की थांबा, कारण पुढे आवळला तर धातू लाकडात रुततो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच चीर पडते.